देवळालीपासून सेनिओपर्यंत

१९४२ साल उजाडताच वॉशिंग्टनमध्ये २६ राष्ट्रांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जर्मनी, इटली आणि जपान यांच्याविरुद्धचे युद्ध सर्व शक्तीनिशी लढायचे आणि कोणीही परस्पर तह करायचा नाही, असा तो ठराव होता. त्या यादीत हिंदुस्थान आहे. सही आहे सर गिरिजाशंकर वाजपेयी यांची. त्यांना तिथे हिंदुस्थानच्या जनतेने पाठवले नव्हते. ते व्हाइसरॉयच्या सरकारचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी होते. त्याच यादीत पोलंड, नॉर्वे, ग्रीस, हॉलंड हे देश आहेत. त्यांची भूमी तेव्हा शत्रूच्या ताब्यात होती, पण परागंदा का होईना, त्यांची सरकारे त्यांची स्वतःची होती. हिंदुस्थान माणसांच्या मोजणीत यातल्या बहुतेकांहून कितीतरी मोठा होता, आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याच्या बाबतीत सर्वांत लहान. दोस्त राष्ट्रांच्या आघाडीत लहान देशांनी काय दिले, याचा इतिहास लिहिताना हिंदुस्थानला कुठे बसवायचे हे म्हणूनच कुणाला नीट कळलेले नाही. परक्यांना कळले नाही, आणि आपल्यालाही नाही.

युद्ध आपले आहे की नाही हे आपल्याला कोणी विचारलेच नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर करून टाकले. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ होते. नोव्हेंबरात ते राजीनामा देऊन बाहेर पडले. इतके होऊनही पुढच्या सहा वर्षांत दोन लाखांच्या आसपास असलेली फौज २५ लाखांपर्यंत गेली, आणि तीही सक्तीच्या भरतीवाचून. त्यातले सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या तिन्ही आघाड्यांवर हिंदी फौज नसती, तर दोस्तांचा विजय ज्या वेळी आणि ज्या किमतीत मिळाला तसा मिळाला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रह्मदेशात तर लढणाऱ्या सैन्याचा मोठा भाग हिंदीच होता.

या पुस्तकाचा विषय त्या २५ लाखांतले मराठी शिपाई हा आहे, आणि त्यांच्याकडे पाहण्यासाठी आम्ही उभे राहिलो आहोत नाशिकात. सर्वाधिक शिपाई नाशिकने दिले असा आमचा दावा नाही. तो मान सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि तळकोकणाचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाने एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. नाशिकला असे गाव नाही. पण त्या काळात देशासमोर जे जे पेच होते, ते सगळे नाशिकच्या आजूबाजूच्या काही मैलांत एकमेकांना खेटून उभे होते, आणि असे दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकात वसली. मुंबई बंदरात उतरलेली गोरी पलटण कसाऱ्याचा घाट चढून इथे यायची, हवेला सरावायची आणि मग पुढे पांगायची. मुदत संपलेले शिपाई घरी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथेच राहायचे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून तापाने, हगवणीने आणि जखमांनी खंगलेली माणसे मुंबईमार्गे देवळालीला आणली जात. वेल्ससारख्या छोट्या मुलखाने उभारलेले एक अख्खे लष्करी इस्पितळ, ३४ वे वेल्श जनरल हॉस्पिटल, त्या वर्षांत देवळालीत होते. छावणीला लागूनच भगूर. तिथे जन्मलेले विनायक दामोदर सावरकर दुसऱ्या महायुद्धात हिंदू महासभेचे अध्यक्ष या नात्याने हिंदू तरुणांना सैन्यात शिरा, शस्त्र हाती घ्यायला शिका, असे सांगत होते. नाशिकमध्येच डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. आणि नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह. त्याच कारागृहात १९३०च्या दशकाच्या आरंभी जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी ही मंडळी होती आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांतून आकाराला आली. यातल्याच काहींनी पुढे १९४२च्या भूमिगत लढ्याचे नेतृत्व केले. सैन्यात जा म्हणणारे, सैन्यात जाऊ नका म्हणणारे आणि कोणाचेही न ऐकता घरच्या अडचणीपायी सैन्यात गेलेले, असे तिघेही या एका टापूत सापडतात.

आणखी एक इमारत आहे, जिच्याकडे युद्धाचा इतिहास लिहिणारे वळूनही पाहत नाहीत. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस. १९२०च्या दशकाच्या मध्याला तो उभा राहिला आणि १९२८पासून देशाच्या नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थानचे या युद्धातले योगदान बंदुकीइतकेच या कागदाने केले, म्हणून थोडे थांबून सांगतो.

ब्रिटनने हिंदुस्थानात धान्य, कापड, तंबू, बूट, दारूगोळा असे अफाट सामान खरेदी केले. परदेशी लढणाऱ्या हिंदी फौजेचा बराचसा खर्चही, १९३९च्या अखेरीस झालेल्या करारानुसार, ब्रिटनने द्यायचा होता. पण ते पैसे इथे आले नाहीत. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा दाखवले जात आणि त्या जमेच्या आधारावर इथे नव्या नोटा काढल्या जात. युद्धाच्या सुरुवातीला २०० कोटी रुपयांच्या आत असलेले चलन युद्ध संपताना ११०० कोटींच्या वर गेले. चांदी वाचवण्यासाठी १९४० साली एक रुपयाची कागदी नोटही पुन्हा चलनात आली. नोटा सहापट झाल्या, पण शेतात धान्य सहापट पिकले नाही. भाव भडकले. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत: ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, १९४२च्या ऑक्टोबरात वादळ आले, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या. पण महागाईने मजुराच्या हातातल्या रुपयाची किंमत घालवली, हे त्यातले मोठे कारण आहे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचे १०० कोटींहून अधिक पौंड देणे लागत होता. हा पैसा उपाशी माणसांनी सावकाराला दिलेले कर्ज होता. आघाडीतल्या दुसऱ्या कुठल्या देशाने युद्धासाठी जितके दिले, त्याच्याशी तुलना करताना नुसती शिपायांची संख्या मोजून भागणार नाही. ही रक्कमही त्याच खात्यात लिहावी लागेल.

आता रणांगणाकडे. मराठा पलटणींचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. तो सगळा सांगण्याची ही जागा नाही, पण मेसोपोटेमियातला कुत-अल-अमाराचा वेढा वगळता येत नाही. १९१५च्या डिसेंबरात जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला तुर्कांनी टायग्रिसच्या वळणावर कोंडले. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. घोडे मारून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली, आणि पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत त्यातले हजारो मेले. देवळालीच्या इस्पितळात आलेले रुग्ण याच मोहिमेचे.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पहिल्यांदा मोठ्या कसोटीला उतरल्या त्या एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात. वर इटालियन, खाली आपण, आणि चढ असा की पाण्याची पखालही माणसानेच वर न्यायची. १९४१च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ती झुंज २७ मार्चला केरेन पडल्यावर संपली. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेल्या माणसांना तो मुलूख अनोळखी वाटला नसावा. पुढच्या वर्षी लिबियातले टोब्रुक. २० जून १९४२ च्या सकाळी जर्मन सेनापती रोमेलच्या विमानांचा आणि रणगाड्यांचा पहिला तडाखा तटबंदीच्या आग्नेय भागाला बसला. तो भाग मराठ्यांच्या दुसऱ्या बटालियनकडे होता. एका दिवसात बटालियन चिरडली गेली, दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि ३० हजारांहून अधिक सैनिक कैदी झाले. पराभवाच्या कथा आपल्याकडे कोणी सांगत नाही. पण युद्धकैदी होऊन वर्षानुवर्षे तारेच्या कुंपणाआड काढणे हाही त्या योगदानाचाच भाग आहे, म्हणून या पुस्तकात त्यांना वेगळे प्रकरण दिले आहे.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर सांगशाक हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४४च्या मार्चमध्ये जपानी फौज मणिपूरच्या डोंगरांतून कोहिमाकडे निघाली होती. ५० व्या हिंदी छत्रीधारी ब्रिगेडने आणि मराठ्यांच्या चौथ्या बटालियनने तिला उखरूळजवळच्या या खेड्यात अडवले. खडकाळ टेकडी, खंदक खणायला माती नाही, प्यायला पाणी जेमतेम. २६ मार्चच्या रात्री त्यांना मागे हटावे लागले. पण तेवढ्या दिवसांत कोहिमा आणि इंफाळच्या बचावाची तयारी करायला वेळ मिळाला. लढाई हरूनही मोहीम वाचवल्याचे हे उदाहरण आहे. कोहिमाची आठवण जग काढते. सांगशाकचे नाव महाराष्ट्रातल्या शाळेतल्या मुलांच्या कानावरही पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते. त्यांतले ५७८२ तिथेच राहिले. मराठा पलटणीचे या युद्धातले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलेच. पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा २२ वर्षांचा तरुण. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. नवी मॅगझिन चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. नंतर दबून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. २०२३च्या जुलैमध्ये मोंतोने या उंब्रियातल्या गावी त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक झाले.

दुसरा क्रॉस नामदेव जाधव यांचा, आणि ते आमच्या शेजारचे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जाधव कंपनीचे निरोप्या होते. बांध ओलांडताना त्यांच्या गटातले जवळजवळ सगळे पडले. त्यांनी दोघा जखमींना एकापाठोपाठ एक, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आणून पोचवले. मग मेलेल्या साथीदारांचा सूड घ्यायचा म्हणून परत फिरले आणि एकामागून एक तीन मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावले. ते वाचले, परत आले आणि १९८४ साली वारले. कोणाला मारले यापेक्षा कोणाला वाचवले याने त्यांची कथा सुरू होते, हे मला विशेष वाटते.

याच इटलीत मराठी शिपायांच्या शेजारी पोलिश लढत होते. १९४४च्या मे महिन्यात आठव्या हिंदी डिव्हिजनने गारी नदी ओलांडली आणि त्याच मोहिमेत १८ मे रोजी जनरल आंदर्सच्या पोलिश कोअरने मोन्ते कासिनोचा मठ सर केला. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण त्या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते. रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली ही कुटुंबे. त्यांच्यातल्या कित्येकांचे बाप, भाऊ आंदर्सच्या फौजेत. म्हणजे कोल्हापूरकडचा शिपाई इटलीत आणि पोलिश शिपायाची बायको पंचगंगेच्या काठी. पोलंडने आघाडीला इतके देऊनही १९४५च्या याल्टा परिषदेत त्याचे भवितव्य इतरांनी ठरवले. लहान देशाच्या रक्ताची किंमत मोठे देश कशी करतात, याचे यापेक्षा कडू उदाहरण नाही.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता, कारण शिपाई व्हायचा अधिकारही सर्वांना नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ची कल्पना पुढे करून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार होते. सैन्यातली नोकरी घरात शिक्षण आणि ताठ मान कशी आणते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला तिची पहिली बटालियन उभी राहिली. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करणारा, १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा ऐकणारा नाशिक जिल्हा डोळ्यांपुढे आणा. तिथल्या तरुणाला सैन्याचा गणवेश म्हणजे साम्राज्याची चाकरी एवढेच वाटले असेल काय? या युद्धाला ‘परक्यांचे युद्ध’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

त्याच मराठी मुलखातून उलट दिशेने गेलेलेही आहेत. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले जपान्यांच्या बाजूने लढणाऱ्या आझाद हिंद सेनेचे वरिष्ठ सेनानी झाले. कोल्हापूरकडचे शं. पां. पा. थोरात मात्र १९४५ साली आराकानात कांगॉच्या लढाईत बटालियन घेऊन जपान्यांशी लढले. ज्या सातारा जिल्ह्यातून इतकी मोठी भरती झाली, त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे होते. भाऊ पलटणीत आणि भाऊ भूमिगत, अशी घरे होती. यातला खरा देशभक्त कोण, हा वाद मला करायचा नाही. पोटासाठी, गावच्या रिवाजासाठी किंवा जातीच्या सन्मानासाठी सैन्यात गेलेल्या माणसाला ‘भाडोत्री’ म्हणणे मात्र मी अन्यायाचे मानतो. त्याने पगार घेतला तसा प्रत्येक देशाच्या शिपायाने घेतला. हिटलर आणि जपानी लष्करशाही हरली पाहिजे होती, आणि ती हरवण्यात त्याचा हात होता. त्याच्या देशाला त्या वेळी स्वतःचा आवाज नव्हता, हा दोष त्याचा नव्हे.

१९४६च्या मार्चमध्ये दिल्लीत विजयसंचलन झाले तेव्हा लोकांनी त्यावर बहिष्कार घातला. देशाचे मन लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद खटल्यात गुंतले होते, आणि ते स्वाभाविकच होते. पण त्यामुळे परतलेला शिपाई गावी मुकाट आला. त्याने पदके ट्रंकेत टाकली आणि नांगर धरला. सरकारी हिशेबातही त्याला दुजाभाव मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी शिपायांच्या नुसत्या संख्या. ही स्मारके सांभाळणाऱ्या युद्धस्मारक आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ साली, शंभर वर्षांनी. संख्या लिहून माणसे विसरण्याचे हे पाप परक्यांनी केले. आपण मात्र संख्याही लिहिली नाही.

म्हणून या पुस्तकात आम्ही माणूस आणि त्याचे गाव हा पाया धरला आहे. आघाडीचे राजकारण आणि सेनापतींचे डावपेच गरजेपुरते आहेत. अभ्यासकांना काही ठिकाणी हे अपुरे वाटेल. ते त्यांनी पुढे भरून काढावे.

वाचकांना एक विनंती आहे. घरात आजोबा-पणजोबांची ट्रंक असेल तर ती उघडा. पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंगाने वाचा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोच्या मागचा मजकूर, हे सगळे पुरावे आहेत. युद्धात मरण पावलेल्यांची यादी युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. तिथे आडनावांचे आणि गावांचे स्पेलिंग इंग्रजांनी ऐकले तसे आहे, तेव्हा दोन-चार प्रकारे शोधून पाहा. सापडलेले नाव, क्रमांक, बटालियन आणि मृत्यूचे ठिकाण एका कागदावर नीट लिहा आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा. त्या काळी नवऱ्याची वाट पाहिलेल्या, मनीऑर्डरीवर घर चालवलेल्या बायकांच्या आठवणी सांगणारे कोणी अजून घरात असेल, तर ते आधी लिहून घ्या. कागद आणखी काही वर्षे टिकतील. सांगणारी माणसे तितकी थांबणार नाहीत.